पेट्रोल इंजिन ‘लीन’ चालणे : कारणे, तपासणी आणि दुरुस्ती

गणपतीला मुंबईहून विजयदुर्गला आलेली गाडी आठ-दहा दिवस अंगणात उभी राहते. परतीच्या दिवशी सामान भरून चावी फिरवली, की इंजिन सुरू होते, पण स्लोवर थरथरते. डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागलेला असतो. पडेल ओलांडेपर्यंत गाडी बरी चालते. पुढे चढ लागला की पिकअप जातो, मध्येच झटका बसतो. गॅरेजमधला स्कॅनर ‘पी ०१७१’ असा कोड दाखवतो, म्हणजे इंजिन लीन चालते आहे. यानंतर बऱ्याचदा ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो, पैसे जातात आणि चार दिवसांनी दिवा पुन्हा लागतो.

असे होते, कारण हा कोड बिघडलेल्या भागाचे नाव सांगत नाही. तो फक्त एक लक्षण सांगतो. इंजिन लीन चालते म्हणजे काय, त्याची कारणे कोणती आणि ती कोणत्या क्रमाने तपासायची, हे या लेखात पाहू. लेख पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांपुरता आहे. डिझेल इंजिन नेहमीच जास्तीच्या हवेवर चालते, त्यामुळे त्याला हे गणित तसेच्या तसे लागू होत नाही.

लीन म्हणजे काय?

पेट्रोल पूर्ण जळायला ठरावीक हवा लागते. शुद्ध पेट्रोलसाठी हे प्रमाण वजनाने १४.७ ला १ आहे, म्हणजे १ किलो पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा. हवा यापेक्षा जास्त किंवा पेट्रोल कमी झाले तर मिश्रण ‘लीन’ होते, आणि उलट झाले तर ‘रिच’. हे मोजण्यासाठी ‘लॅम्डा’ हा आकडा वापरतात. लॅम्डा १ म्हणजे अचूक मिश्रण, १.१ म्हणजे दहा टक्के जादा हवा, ०.९ म्हणजे दहा टक्के कमी हवा.

प्रत्येक वेळी १ हाच आकडा योग्य असतो असे नाही. सपाट रस्त्यावर सावकाश जाताना लॅम्डा १ ठीक असतो, आणि सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरलाही तोच लागतो. घाटात अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की इंजिनाला जाणूनबुजून जास्त पेट्रोल दिले जाते. हे प्रमाण साधारण १२.५ ते १३ ला १ असते. त्यामुळे ताकद वाढते आणि बाष्प होणारे जादा पेट्रोल ज्वलनकक्ष थोडा थंड ठेवते. नेमक्या त्याच वेळी मिश्रण लीन राहिले तर धोका सर्वात मोठा असतो.

इंजिन स्वतःच हिशेब कसा ठेवते?

फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू नावाचा छोटा संगणक आत येणारी हवा मोजतो आणि त्या हिशेबाने इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरवतो. हवा मोजण्याच्या दोन पद्धती आहेत. काही गाड्यांत ‘मॅफ’ सेन्सर असतो. त्याच्या तापलेल्या तारेवरून किंवा पट्टीवरून जाणारी हवा थेट मोजली जाते. अनेक छोट्या गाड्यांत ‘मॅप’ सेन्सर असतो. तो इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजतो, आणि ईसीयू दाब, तापमान व इंजिनाचे फेरे यांवरून हवेचा अंदाज बांधतो. आपल्या गाडीत कोणता सेन्सर आहे हे आधी माहीत करून घ्या, कारण पुढची तपासणी त्यावर अवलंबून आहे.

हिशेब बरोबर आला की नाही, हे सायलेन्सरच्या पाइपमधला पुढचा ऑक्सिजन सेन्सर सांगतो. मोटारीत हा सेन्सर पहिल्यांदा १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाड्यांवर आला आणि तो बॉश कंपनीने बनवला होता. साध्या प्रकारचा सेन्सर रिच मिश्रणात ०.९ व्होल्टच्या आसपास आणि लीन मिश्रणात ०.१ व्होल्टच्या आसपास दाखवतो. चांगल्या इंजिनात हा आकडा सतत खालीवर होत राहतो.

सेन्सरने ‘लीन’ म्हटले की ईसीयू पेट्रोल वाढवतो आणि ‘रिच’ म्हटले की कमी करतो. या दुरुस्तीला ‘फ्युएल ट्रिम’ म्हणतात. क्षणाक्षणाला बदलते ती शॉर्ट टर्म ट्रिम, आणि बरेच दिवस तेच करावे लागले की जी सवय म्हणून नोंदली जाते ती लाँग टर्म ट्रिम. दोन्हींची बेरीज शून्याच्या आसपास, म्हणजे उणे दहा ते अधिक दहा टक्क्यांच्या आत असली तर काळजी नाही. बेरीज अधिक वीस-पंचवीसच्या घरात गेली आणि तिथेच राहिली, की ईसीयू हात टेकतो आणि पी ०१७१ नोंदवून दिवा लावतो. एका ओळीत सिलिंडर असलेल्या इंजिनाला हाच कोड येतो. व्ही आकाराच्या इंजिनात दुसऱ्या बाजूसाठी पी ०१७४ असतो.

म्हणून दिवा लागला त्या दिवशी बिघाड सुरू झाला असे समजू नये. तो बरेच दिवस आधी सुरू झालेला असतो आणि ईसीयू तो झाकत असतो.

लक्षणे

- स्लोवर थरथर, फेरे खालीवर होणे, सिग्नलला इंजिन बंद पडणे
- थंड इंजिन सुरू व्हायला वेळ लागणे
- अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर क्षणभर काहीच न होणे, मग झटका
- चढावर ‘टकटक’ असा नॉकिंगचा आवाज
- स्पार्क प्लगचे टोक पांढरट, भाजल्यासारखे दिसणे (निरोगी प्लग फिकट तपकिरी असतो)
- मायलेज घटणे

यातले शेवटचे लक्षण गोंधळात टाकते. लीन म्हणजे कमी पेट्रोल, मग मायलेज वाढायला हवे, असे वाटते. प्रत्यक्षात ताकद कमी झाल्याने आपण अ‍ॅक्सिलरेटर जास्त दाबतो, सिलिंडर मधूनमधून मिस होतो, आणि ईसीयू पेट्रोल वाढवत बसतो.

दुर्लक्ष केले तर काय होते?

विजयदुर्गहून कोल्हापूरला जायचे तर तळेरे, वैभववाडी आणि करूळ घाट चढून गगनबावडा गाठावा लागतो. भरलेली गाडी, चालू एसी आणि दुसऱ्या गिअरमधला लांब चढ, म्हणजे इंजिनावर सर्वात जास्त भार. अशा वेळी मिश्रण लीन असले तर ज्वलन वेळेआधी आणि अनियंत्रित होऊ लागते. नॉकिंग होते, पिस्टनच्या कडा आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह भाजतात. सिलिंडर मिस होत असेल तर न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि आतली जाळी वितळू शकते. फाटलेल्या रबरी पाइपचा खर्च आणि हेड उघडण्याचा खर्च यांत किती अंतर आहे, हे कोणताही मेकॅनिक सांगेल.

दिव्याची एक खूण पक्की लक्षात ठेवा. पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर हलक्या पायाने गॅरेजपर्यंत जाता येते. दिवा लुकलुकत असेल तर सिलिंडर मिस होत आहे आणि कन्व्हर्टरला धोका आहे. गाडी बाजूला घेऊन बंद करावी. घाट चढायला सुरुवात तर मुळीच करू नये.

एक गैरसमजही दूर करू. ‘घाटावर हवा विरळ, म्हणून इंजिन लीन होते’ असे म्हटले जाते. हवा विरळ झाली तर हवेचे वजन कमी होते, म्हणजे मिश्रण उलट रिच व्हायला हवे. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत तसेच होते. इंजेक्शनच्या गाड्या ते आपोआप सांभाळतात. घाटात त्रास होतो तो उंचीमुळे नाही, भारामुळे.

कारणे : हवा जास्त, पेट्रोल कमी, की खोटी बातमी?

कारणांची यादी लांब असली तरी ती तीन गटांत बसते.

पहिला गट : न मोजलेली हवा. सेन्सरला चुकवून हवा आत शिरते. इनटेकचा रबरी पाइप चिरलेला असतो, क्लिप ढिली असते, मॅनिफोल्डचे गॅस्केट कडक झालेले असते, पीसीव्ही व्हॉल्व्ह किंवा त्याचा पाइप फुटलेला असतो, ब्रेक बूस्टरचा पाइप गळत असतो, किंवा पेट्रोलची वाफ खेचणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडाच अडकलेला असतो. मॅफ सेन्सरच्या बऱ्याच गाड्यांत ऑइलचे झाकण किंवा डिपस्टिक नीट न बसणे एवढेही पुरते. मॅफ सेन्सरच्या तारेवर धूळ किंवा तेल बसले असेल, तर हवा सेन्सरवरूनच जाते, पण तो ती कमी मोजतो.

दुसरा गट : पेट्रोल कमी पडणे. अशक्त पंप, चोंदलेला फिल्टर, बिघडलेला प्रेशर रेग्युलेटर, तुंबलेले इंजेक्टर, किंवा टाकीतले पाणी.

तिसरा गट : खोटी बातमी. मिश्रण ठीक असते, पण ऑक्सिजन सेन्सरला जादा ऑक्सिजन दिसतो. सेन्सरच्या आधी सायलेन्सरचा पाइप गळत असेल, तर धुराच्या दोन झोतांमधल्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते. सिलिंडर मिस होत असेल तर न वापरलेला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो. क्वचित सेन्सर स्वतःच खराब होऊन सतत कमी व्होल्ट दाखवतो. तेव्हा ईसीयू उगाच पेट्रोल ओततो, आणि लीनचा कोड असूनही इंजिन प्रत्यक्षात रिच चालते. प्लग काळे पडलेले असतील तर ही शक्यता धरावी.

किनाऱ्यावरच्या गाडीत आधी काय पाहावे?

कोकणपट्टीत काही कारणे जास्त संभवतात, म्हणून ती आधी पाहिलेली बरी.

उंदीर. पावसात उंदरांना कोरडी, उबदार जागा हवी असते, आणि अंगणात किंवा पडवीला लागून उभ्या गाडीचे बोनेट त्यांना सोयीचे पडते. ते वायर कुरतडतात, तसेच रबरी पाइपही. एअर फिल्टरच्या डब्यात सुकलेले गवत आणि कापडाच्या चिंध्या सापडतात. असे घरटे काढताना रबरी हातमोजे घाला, आधी जंतुनाशक फवारा, आणि कोरड्या झाडूने किंवा ब्लोअरने उडवू नका. उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस सिंधुदुर्गाला नवा नाही.

कुंभारीण माशी. ही माशी मातीचे घर करायला लहान भोके शोधते. टाकीच्या हवेच्या नळीत तिने घर केले तर टाकीत निर्वात तयार होऊन पंपाला पेट्रोल ओढायला जड जाते. बराच वेळ चालल्यावर गाडी अडखळते आणि टाकीचे झाकण उघडले की ‘हुस्स’ आवाज येऊन सुरळीत होते, अशी याची खूण आहे.

खारी हवा. सेन्सरच्या कनेक्टरमध्ये हिरवट गंज चढतो आणि चुकीचा आकडा ईसीयूकडे जातो. सायलेन्सरचा पुढचा जोड आणि लवचीक जाळीचा पाइप गंजून गळू लागतो. थंड इंजिन सुरू केल्यावर ‘फट-फट’ आवाज येतो आणि पाइप तापला की कमी होतो, तो याच गळतीचा.

पेट्रोलमधले पाणी. इथे आता इथेनॉलचा प्रश्न येतो, आणि तो स्वतंत्रपणे समजून घ्यायला हवा.

इथेनॉलने गणित कसे बदलले?

भारतात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे पथदर्शी प्रयोग २००१ मध्ये सुरू झाले, त्यांत महाराष्ट्रातील मिरज आणि मनमाड ही ठिकाणे होती. तेव्हा प्रमाण ५ टक्के होते. २०२२ मध्ये देशाने १० टक्क्यांचे उद्दिष्ट गाठले. फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्के इथेनॉल असलेले ‘ई-२०’ पेट्रोल विक्रीस आले, आणि २०२५ पर्यंत ते देशभर सर्वसाधारण झाले. घाटावरच्या उसाचा रस असा घाटाखालच्या गाड्यांच्या टाकीत पोहोचला.

इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, वजनाने सुमारे ३५ टक्के. त्यामुळे त्याला जळायला बाहेरची हवा कमी लागते. शुद्ध इथेनॉलचे प्रमाण ९ ला १ आहे. मिश्रणाचा हिशेब केला तर ई-१० साठी १४.१ आणि ई-२० साठी १३.५ येते. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी ई-२० पेट्रोल जास्त द्यावे लागते. शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ते साधारण ७ ते ८ टक्के आणि ई-१० च्या तुलनेत सुमारे ४ टक्के जास्त असते.

याचे दोन अर्थ निघतात. ई-१० साठी जुळवलेल्या गाडीत ई-२० भरल्यावर ट्रिम अधिक ४-५ दिसली तर तो बिघाड नाही, ईसीयू आपले काम करतो आहे. पण दुरुस्तीची जी मर्यादा आहे, तिचा काही भाग इथेनॉलने आधीच वापरलेला असतो. पूर्वी पाइपची जी लहानशी चीर दिवा न लावता खपून गेली असती, ती आता दिवा लावते. अशा वेळी ‘पेट्रोलच खराब’ म्हणून मोकळे होण्याआधी चीर शोधावी.

कार्बोरेटरच्या गाडीची स्थिती वेगळी आहे. प्रीमियर पद्मिनी किंवा जुन्या मारुती ८०० मध्ये ऑक्सिजन सेन्सरही नाही आणि दुरुस्ती करणारा ईसीयूही नाही. जेटचे भोक ठरलेले असते. ई-२० वर अशी गाडी सरळ ७-८ टक्के लीन चालते. मेकॅनिककडून थोडा मोठा मेन जेट बसवून घेणे, मिक्श्चर स्क्रू पुन्हा जुळवणे आणि इथेनॉलला टिकणारे रबरी पाइप व सील घालणे, हा त्यावरचा मार्ग आहे.

नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात ई-२० मुळे मायलेज किती घटेल याचे अंदाज दिले होते. शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के, तर ई-१० साठी बनवून ई-२० साठी जुळवलेल्या चारचाकींसाठी १ ते २ टक्के. आपल्या गाडीची घट याहून फार मोठी असेल, तर दुसरे कारण शोधायला हवे.

आता पाणी. इथेनॉल थोडे पाणी स्वतःत विरघळवून घेते. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. पंप तळातूनच ओढतो. मग इंजिनाला पाणीमिश्रित इथेनॉल मिळते, ते लीन होते आणि मिस करते. नुसत्या दमट हवेने एवढे पाणी सहसा जमत नाही. झाकणाचे सील फाटून पावसाचे पाणी शिरणे किंवा भरलेल्या पेट्रोलमध्येच पाणी असणे, ही कारणे जास्त संभवतात. तपासणीसाठी मेकॅनिककडून टाकीच्या तळातले थोडे पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत काढून, झाकण लावून, आगीपासून दूर तासभर ठेवावे. खाली वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करून धुणे हाच उपाय आहे. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत टाकी भरलेली ठेवावी, म्हणजे आत दमट हवेला जागा कमी राहते.

तपासणी : ट्रिमचे आकडे वाचणे

देशभर १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले. अलीकडच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत स्टिअरिंगखाली ओबीडी सॉकेट असते. त्यात बसणारा छोटा ब्लूटूथ डोंगल आणि मोबाइलवरचे अ‍ॅप एवढ्यावर ट्रिमचे आकडे दिसतात. चांगला स्कॅनर कणकवलीसारख्या ठिकाणी गेल्यावरच मिळणार असेल, तर निघण्याआधी घरी हे आकडे पाहिलेले उपयोगी पडतात.

कोड पुसण्याआधी त्याच्यासोबतची ‘फ्रीझ फ्रेम’ नोंद वाचा. दिवा लागला तेव्हा वेग, फेरे, तापमान आणि भार किती होता, हे त्यात असते. मेकॅनिकने कोड आधीच पुसला तर हा पुरावा जातो.

मग इंजिन पूर्ण गरम करून तीन स्थितींत दोन्ही ट्रिमची बेरीज लिहून घ्या. पहिली स्लोवर, दुसरी गाडी उभी ठेवून २५०० फेऱ्यांवर, तिसरी चढावर (ही दुसऱ्या माणसाने पाहावी, चालकाने नाही).

- स्लोवर बेरीज मोठी आणि २५०० वर लहान : हवेची गळती.
- स्लोवर ठीक, पण चढावर वाढत जाणारी : पेट्रोल कमी पडते आहे, किंवा मॅफ सेन्सर मळला आहे.
- सगळीकडे सारखीच मोठी : प्रेशर रेग्युलेटर, इंजेक्टर, इंधनातला फरक किंवा ऑक्सिजन सेन्सरची खोटी बातमी.

पहिल्या नियमामागचे कारण सोपे आहे. उदाहरणादाखल, छोटे इंजिन स्लोवर सेकंदाला २ ग्रॅम हवा घेते असे धरू. चिरेतून ०.४ ग्रॅम हवा शिरली तर ती २० टक्के होते. २५०० फेऱ्यांवर तेच इंजिन ८ ग्रॅम घेत असेल, तर तीच ०.४ ग्रॅम फक्त ५ टक्के होते. भोक तेवढेच राहते, हिस्सा बदलतो.

हा नियम मॅफ सेन्सरच्या गाड्यांना चांगला लागू पडतो. मॅप सेन्सरच्या गाडीत गळती झाली की मॅनिफोल्डमधला दाब वाढतो, ईसीयूला तो दिसतो आणि तो पेट्रोल वाढवतो. त्यामुळे ट्रिम फारशी हलत नाही आणि स्लोचे फेरे मात्र चढे राहतात. गळती एखाद्याच सिलिंडरजवळ असेल तर तेवढा सिलिंडर लीन होऊन मिस करतो. अशा गाडीत लीनचा कोड आला, तर हवेच्या गळतीइतकाच पेट्रोलचा दाब आणि सायलेन्सरची गळती यांचाही विचार करावा.

गळती शोधणे

सुरुवात डोळ्यांनी आणि हातांनी करा. इंजिन बंद आणि थंड असताना एअर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतचा रबरी पाइप हाताने वाकवून पाहा. घड्यांमधल्या चिरा सरळ पाइपवर दिसत नाहीत, वाकवल्यावर उघडतात. प्रत्येक क्लिप हलवून पाहा. पीसीव्हीचा पाइप खालच्या बाजूने चाचपा, तेलाने मऊ झालेला भाग तिथे असतो.

मग इंजिन सुरू करून कान द्या. मीटरभर रबरी नळीचे एक टोक कानाजवळ धरून दुसरे सांध्यांवरून फिरवले, तर ‘सीऽऽ’ आवाज कुठून येतो ते कळते. पट्टा, पंखा आणि सैल कपडे यांची काळजी घ्या. संशयित सांध्यावर स्प्रेच्या बाटलीने थोडे पाणी मारले आणि फेरे क्षणभर बदलले, तर गळती तिथेच आहे. कनेक्टर, कॉइल आणि तापलेला एक्झॉस्ट यांवर पाणी मारू नका. काही जण यासाठी कार्बोरेटर क्लीनर फवारतात. गरम इंजिनावर तो पेट घेऊ शकतो, म्हणून घरी तो मार्ग नको.

गॅरेजमध्ये सर्वात खात्रीची पद्धत म्हणजे स्मोक टेस्ट. इंजिन बंद ठेवून इनटेकमध्ये कमी दाबाने धूर सोडतात आणि जिथून धूर बाहेर येतो तिथे बोट ठेवतात. पर्ज व्हॉल्व्हचा संशय असेल तर त्याचा मॅनिफोल्डकडे जाणारा पाइप चिमटावा. इंजिन सुधारले तर व्हॉल्व्ह अडकलेला आहे.

ब्रेक बूस्टरची गळती वेगळी लक्षात ठेवा. पेडल दाबल्यावर इंजिनाची चाल बदलत असेल, सुसकारा ऐकू येत असेल किंवा पेडल कडक लागत असेल, तर प्रश्न मायलेजचा राहत नाही. तो दुरुस्त झाल्याशिवाय घाट उतरू नये.

पेट्रोलचा दाब आणि इंजेक्टर

गळती सापडली नाही तर पेट्रोलचा दाब मोजावा. सामान्य इंजेक्शनच्या गाड्यांत तो साधारण ३ ते ४ बार असतो, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळतो. स्लोवर दाब ठीक दिसला म्हणून पंप निर्दोष ठरत नाही. भारावर दाब टिकतो का आणि ठरावीक वेळात किती पेट्रोल येते, हेही पाहावे लागते. हे काम मेकॅनिकचेच आहे, कारण लाइनमध्ये दाबाखालचे पेट्रोल असते. पंप जपायचा तर टाकी नेहमी राखीववर चालवू नका. आजूबाजूचे पेट्रोलच त्याला थंड ठेवते.

दाब ठीक आणि तरी एकच सिलिंडर लीन असेल, तर त्याचा इंजेक्टर दुसऱ्या सिलिंडरवर बसवून पाहतात. बिघाड त्याच्यासोबत सरकला तर दोष इंजेक्टरचा. अल्ट्रासॉनिक पद्धतीने साफ करून त्याचा फवारा तपासता येतो.

दुरुस्ती आणि खात्री

फाटलेला पाइप चिकटपट्टीने गुंडाळला तर घरापर्यंत पोहोचता येते, कायमचा उपाय म्हणजे नवा पाइप आणि नवी क्लिप. मॅफ सेन्सर फक्त मॅफ क्लीनरने धुवावा, तारेला हात किंवा ब्रश लावू नये आणि पूर्ण सुकल्यावरच बसवावा. गंजलेला कनेक्टर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करावा. सायलेन्सरचा जोड गळत असेल तर गॅस्केट बदलावे किंवा वेल्डिंग करावे.

ऑक्सिजन सेन्सर सर्वात शेवटी. मेकॅनिक मिश्रण मुद्दाम क्षणभर रिच आणि लीन करून पाहतो. सेन्सरचा आकडा चटकन वर-खाली गेला तर तो खरे बोलतो आहे आणि दोष दुसरीकडे आहे.

बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटच्या गाडीत आधी गाडी कोणत्या इंधनावर लीन होते ते पाहा. फक्त सीएनजीवर होत असेल तर किटचा फिल्टर, रेग्युलेटर, गॅसचे इंजेक्टर आणि किटचे ट्युनिंग तपासावे. दोन्हींवर होत असेल, तर किट बसवताना मॅनिफोल्डला पाडलेली भोके आणि तिथल्या नोझलचे सांधे आधी पाहावेत.

दुरुस्तीनंतर कोड पुसून जुनी लाँग टर्म ट्रिमही शून्यावर आणून घ्या. मग दोन-तीन दिवस नेहमीसारखी गाडी चालवून तेच तीन आकडे पुन्हा लिहा. बेरीज दहाच्या आत आली तर काम झाले. दिवा लागलेला नाही, पण बेरीज अजून पंधरा-सोळा दाखवते आहे, तर दुरुस्ती अर्धवट झाली आहे आणि दिवा पुन्हा लागेल.

गॅरेजमध्ये जाताना हा आकड्यांचा कागद सोबत न्या आणि ‘सेन्सर बदला’ असे सांगण्याऐवजी ‘स्लोवर अधिक २२, पंचवीसशेवर अधिक ६’ असे सांगा. जाणकार मेकॅनिक त्यावरून थेट पाइप तपासायला घेईल.